खोटं चेहऱ्यावर नसतं

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागतं. चोर्यासी तालुक्यातलं हे गाव आता कारखान्यांसाठी, ट्रकांच्या रांगांसाठी आणि गुजरात हिरा बुर्सच्या जेम अँड ज्वेलरी पार्कसाठी ओळखलं जातं. इथल्या धंद्याला गेली काही वर्षं एक प्रश्न सतावतो आहे. समोरचा हिरा जमिनीतून निघालेला आहे की प्रयोगशाळेत वाढवलेला? दोन्ही कार्बनचेच. दोन्हींचा कठीणपणा तोच आणि चमकही तीच. उभा जन्म हिरे पारखण्यात गेलेला माणूसही डोळ्याला आयग्लास लावून याचं उत्तर खात्रीने देऊ शकत नाही. २०१२ साली अँटवर्पमध्ये नैसर्गिक म्हणून आलेल्या मालात प्रयोगशाळेतले शेकडो हिरे निघाले आणि सगळा बाजार हादरला. तेव्हापासून तपासणीच्या यंत्रांचा वापर वाढला. निसर्गात घडलेल्या बहुतेक हिऱ्यांमध्ये नायट्रोजन असतो, प्रयोगशाळेतल्या बहुतेकांमध्ये तो जवळजवळ नसतो. अतिनील प्रकाशात दोघांच्या वाढीच्या खुणा वेगळ्या दिसतात. हिरा कुठे आणि कसा जन्मला याची नोंद त्याच्या पोटातच असते. डोळ्याला ती वाचता येत नाही, यंत्राला येते.

माणसाच्या बोलण्याचंही असंच असेल असं आपण धरून चालतो. खोटं बोलणाऱ्याच्या अंगात कुठेतरी त्या खोट्याची नोंद उमटत असणार: नजर चुकत असेल, घाम फुटत असेल, आवाज अडखळत असेल, नाडी जलद होत असेल. जाणत्या डोळ्याला नाही दिसलं तर यंत्राला दिसेलच. हा समज मुळातच चुकीचा आहे. हिऱ्याचं खरंखोटं हिऱ्यात असतं, माणसाच्या बोलण्याचं खरंखोटं माणसाच्या शरीरात नसतं. मी काल नवापूरला गेलो होतो हे माझं वाक्य खरं आहे की नाही, हे नवापूरच्या स्टँडवर, तिकिटावर, मला तिथे भेटलेल्या माणसाकडे ठरतं. माझ्या भुवयांवर ते ठरत नाही. ही साधी गोष्ट आपल्या पोलीस ठाण्यांना, वृत्तवाहिन्यांना आणि गावच्या जमावाला अजून पटलेली नाही. ती सर्वांत चांगली दाखवून दिली एका विनोदी कार्यक्रमाने, म्हणून त्याबद्दल गंभीरपणे लिहायला हवं.

‘वुड आय लाय टू यू?’ हा तो कार्यक्रम. २००७ च्या जूनमध्ये तो बीबीसी वनवर सुरू झाला. पहिली दोन पर्वं अँगस डेटन सूत्रसंचालक होते, पुढे ती जागा रॉब ब्रायडन यांनी घेतली. ली मॅक आणि डेव्हिड मिचेल हे दोन संघांचे कर्णधार. खेळ अगदी सोपा आहे. पाहुण्यासमोर एक कार्ड असतं. त्यावरचं आपल्या आयुष्यातलं वाक्य तो मोठ्याने वाचतो. समोरचा संघ त्याला वाटेल ते विचारतो आणि शेवटी ठरवतो, हे खरं की थाप. मग पाहुणा स्वतः निकाल सांगतो. दुसऱ्या एका फेरीत अनोळखी माणूस येऊन उभा राहतो, एका संघातले तिघेही त्याच्याशी आपलं वेगवेगळं नातं सांगतात, आणि त्यातलं एकच खरं असतं. ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत १९५६ साली ‘टू टेल द ट्रुथ’ सुरू झाला होता. त्यात तिघे जण स्वतःला एकच माणूस म्हणवत आणि खरा कोण ते ओळखायचं असे. बीबीसीवर १९६५ पासून ‘कॉल माय ब्लफ’मध्ये अनवट शब्दांचे तीन अर्थ सांगितले जात, दोन खोटे आणि एक खरा.

या कार्यक्रमात गाजल्या त्या थापा कमी, खऱ्या गोष्टीच जास्त. स्कॉटिश विनोदकार केव्हिन ब्रिजेस सांगतो की बल्गेरियात सुटीवर असताना त्याने चुकून एक घोडा विकत घेतला. समोरचे हसून बेजार होतात, आणि गोष्ट खरी निघते. बॉब मॉर्टिमर सांगतो की तो स्वतःच्या दातांची कामं घरी स्वतःच करतो. तेही खरंच. नुसत्या हातांनी सफरचंद मधोमध तोडता येतं असं तो म्हणतो, आणि तोडून दाखवतो. याच्या उलट ली मॅक कार्ड हातात आल्यावर जागच्या जागी गोष्ट रचतो, प्रश्नागणिक ती फुगवतो, आणि पुष्कळदा अशी पटवतो की समोरचे फसतात. मिचेल तर्काने तुटून पडतो: घोड्याचं पुढे काय केलंस, पैसे कोणत्या चलनात दिलेस, त्या वेळी तुझ्याबरोबर कोण होतं?

इथे लक्ष द्यायचं ते प्रश्नांकडे. कसलेला खेळाडू पाहुण्याच्या तोंडाकडे पाहून फारसं काही ठरवत नाही. तो तपशील मागतो. गोष्ट बाहेरच्या जगात जिथे जिथे टेकते तिथे तिथे तो बोट ठेवून पाहतो. तरीही तो वारंवार हरतो, कारण त्याच्याकडे बल्गेरियाला जाऊन घोडा शोधायची सोय नसते. सगळा खेळ या उणिवेवर उभा आहे. बाहेरच्या जगाची दारं बंद केली आणि फक्त समोरचा माणूस उरला, की हुशारातली हुशार माणसंही अंदाजच करू शकतात. दर आठवड्याला हसत हसत ही गोष्ट सिद्ध होते.

या गोष्टीला संशोधनाचा भक्कम आधार आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली खोटं ओळखण्याच्या दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. परीक्षक म्हणून बसलेली माणसं सुमारे २४,००० होती. खरंखोटं ओळखण्यात ती १०० पैकी ५४ वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तर ५०. पोलीस, न्यायाधीश, मानसतज्ज्ञ यांचेही आकडे सामान्य माणसांहून फारसे वेगळे नव्हते, वेगळा होता तो त्यांचा आत्मविश्वास. त्याच वर्षी पन्नासहून अधिक देशांतल्या लोकांना विचारलं गेलं, खोटं बोलणारा कशावरून ओळखावा? सगळ्यांत जास्त लोक म्हणाले, तो नजरेला नजर देत नाही. प्रत्यक्षात नजर चुकवण्याचा आणि खोटं बोलण्याचा काही पक्का संबंध प्रयोगांत सापडलेला नाही. जगभर मान्य असलेली ही खूण जगभर निकामी आहे. आपल्याकडे तर तिचा आणखी एक धोका आहे. मोठ्यांसमोर मान खाली घालून बोलावं असं आपण मुलांना, विशेषतः मुलींना शिकवतो, आणि मग पोलीस ठाण्यात किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत तीच खाली घातलेली मान त्यांच्याविरुद्ध वापरतो.

प्रत्यक्ष आयुष्यात खोटं उघडं तरी कसं पडतं? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना हेच विचारलं. बहुतेक वेळा खोटं नंतर उघडं पडलं होतं, आणि तेही तिसऱ्या माणसाकडून, कागदातून, हाती लागलेल्या वस्तूमुळे किंवा सांगणाऱ्याच्या स्वतःच्या कबुलीमुळे. बोलत असताना नुसत्या हावभावांवरून पकडलेलं खोटं शंभरात दोनही नव्हतं. टिमथी लेव्हिन हे या अभ्यासातले एक संशोधक. पुढे त्यांनी मांडलं की माणूस मुळात ऐकलेलं खरं मानून चालतो, आणि तसं मानणं हा त्याचा भाबडेपणा नाही. त्याशिवाय माणसांना एकमेकांशी बोलताच येणार नाही.

सुरतेत हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. महिधरपुऱ्याच्या गल्लीत आणि वराछाच्या मिनी बाजारात जांगडवर माल फिरतो. शेठ दलालाला हिरे देतो, एक चिठ्ठी होते, आणि दलाल लाखोंचा माल खिशात घालून चालू लागतो. विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. यात फसवणुकी होतात, पळून गेलेले दलालही बाजाराने पाहिले आहेत. पण प्रत्येक दलालाच्या चेहऱ्याची पारख होईपर्यंत माल द्यायचाच नाही असं ठरलं, तर संध्याकाळपर्यंत बाजार उठेल. दलालाचा डोळा किती वेळा फडफडला हे बाजार कधीच पाहत नाही. पूर्वीचे व्यवहार, ओळख, कोणाच्या शब्दावर तो आला, हे तो पाहतो. म्हणजे हाही पुरावा बाहेरच्या जगातलाच. दगड यंत्राखाली घालायचा आणि माणसाची चौकशी चार ठिकाणी करायची, हा भेद या धंद्याने अनुभवातून आत्मसात केला आहे.

आता दुसऱ्या प्रकारचा कार्यक्रम पाहू. १५ जुलै २००९ रोजी स्टार प्लसवर ‘सच का सामना’ सुरू झाला. सूत्रसंचालक राजीव खंडेलवाल, बक्षीस एक कोटी रुपये. या कल्पनेचं मूळ कोलंबियातल्या एका कार्यक्रमात आहे, तिथून ती अमेरिकेत ‘द मोमेंट ऑफ ट्रुथ’ झाली आणि मग आपल्याकडे आली. स्पर्धकाला आधी पॉलिग्राफला जोडून प्रश्न विचारायचे, नंतर तेच प्रश्न प्रेक्षकांसमोर आणि घरच्यांसमोर विचारायचे. यंत्र ‘खरं’ म्हणालं तर पुढे जायचं, ‘खोटं’ म्हणालं तर खेळ संपला. संसदेत यावर ओरड झाली ती संस्कृती बुडते म्हणून. अंथरुणातले प्रश्न चव्हाट्यावर आले, याचा लोकांना राग आला. माझी तक्रार वेगळी आहे, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. या कार्यक्रमाचा पायाच खोटा होता. जे यंत्र खरंखोटं ओळखतच नाही, त्याला त्याने कोट्यवधी लोकांसमोर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं.

विनोद कांबळी या कार्यक्रमात आला तेव्हा मुंबईच्या क्रिकेटवर प्रेम करणाऱ्या कितीतरी घरांत वाईट वाटलं. पडत्या काळात सचिनने आणखी मदत करायला हवी होती अशा आशयाचं तो बोलला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या झाल्या. यात तपासण्यासारखं होतं तरी काय? मित्राने आणखी काही करायला हवं होतं का, हे एका दुखावलेल्या माणसाचं मत आहे. ते कुठल्याही यंत्राला तपासता येत नाही. फार तर बोलताना त्याची नाडी वाढली की नाही एवढंच सांगता येतं. शारदाश्रमापासूनच्या दोन मित्रांच्या नात्यावर त्या रात्री एका सुईने शिक्का मारला, आणि ‘यंत्राने सांगितलं’ म्हणून तो खरा ठरला.

पॉलिग्राफ मोजतो रक्तदाब, नाडी, श्वास आणि त्वचेवरचा घाम. १९२१ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या पोलिसांत जॉन लार्सनने ते यंत्र बनवलं. त्याच्याच जातीच्या रक्तदाबाच्या चाचणीला १९२३ सालीच वॉशिंग्टनच्या न्यायालयाने पुरावा म्हणून नाकारलं होतं. २००३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळा अभ्यास चाळून सांगितलं की सुरक्षेसाठी माणसं चाळायला ही चाचणी पुरेशी विश्वासार्ह नाही. सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स रशियनांना गुपितं विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही पॉलिग्राफ चाचण्या पास झाला. संशयाची सुई त्याच्याकडे वळवली ती पैशांनी. सरकारी पगारात न बसणारं, रोख मोजून घेतलेलं घर आणि बँकेतल्या जमा रकमा यांतून त्याचं खोटं उघडं पडलं. निर्दोष माणसाच्या बाबतीत तर हे यंत्र अधिकच क्रूर आहे. खुनाच्या आरोपात नाहक गोवलेल्या माणसाची नाडी वाढणार नाही तर कुणाची वाढणार?

आपल्याकडे हे संकट पुण्यात प्रत्यक्ष उतरलं. २००८ साली एका सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एका तरुण विद्यार्थिनीला जन्मठेप सुनावली, आणि इतर पुराव्यांबरोबर तिच्या मेंदूच्या विद्युतलहरींची चाचणीही ग्राह्य धरली. डोक्यावर तारा लावायच्या, गुन्ह्याची वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूला ती ‘अनुभवलेली’ वाटतात का ते संगणकाने सांगायचं, अशी ती पद्धत. जगभरच्या मेंदूतज्ज्ञांनी या निकालावर चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचं म्हटलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलीला जामीन दिला. ती दोषी की निर्दोष हे मी सांगू शकत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण तिच्या डोक्यावरच्या तारांनाही ते सांगता येत नव्हतं. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला: नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, तसं करणं घटनेच्या कलम २०(३) आणि २१ चा भंग आहे. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही आपोआप पुरावा ठरत नाही, त्यातून हाती लागलेली वस्तू किंवा माहिती तेवढी कामाची. न्यायालयाच्या भाषेत ही तीच गोष्ट आहे: खरं बाहेर शोधा.

हा निकाल येऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यानंतर ‘नार्को करा’ अशी मागणी होते. वाहिन्यांवर देहबोलीचे जाणकार बसतात. आरोपीने ओठ कसा दाबला, डावीकडे का पाहिलं, यावर अर्धा तास चर्चा रंगते. ती पाहणाऱ्याच्या मनात पक्कं बसतं की खोटं चेहऱ्यावर दिसतंच.

मग ही खात्री स्टुडिओबाहेर पडते. १ जुलै २०१८. सुरत-धुळे महामार्गाच्या टापूतल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि मारून टाकलं. आम्ही भिक्षेकरी आहोत हे त्यांचं सांगणं खरं होतं. ते पडताळायला त्यांच्या गावी एक फोन पुरला असता. लिंबायत, उधना, पांडेसरा इथल्या हजारो खानदेशी घरांचं गावाकडे जाणंयेणं याच टापूतून असतं, म्हणून ही घटना आम्हा सुरतेतल्या मराठी माणसांना लांबची वाटत नाही. त्या जमावातल्या प्रत्येकाला वाटलं असणार की आपण खोटं ओळखलं. अफवा हे त्या हत्येचं एक कारण. ‘मला माणूस पाहताक्षणी कळतो’ ही बेदरकार खात्री हे दुसरं, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. खोटं बोलण्याचा खेळ करून हसवलं, तर खोट्याची लाज जाणार नाही का? मला तसं वाटत नाही. या खेळात खोटं बोलण्याची परवानगी सगळ्यांसमोर दिलेली असते आणि पाच मिनिटांत निकालही जाहीर होतो. फसलेल्याचं काही जात नाही. त्याच्या वाट्याला येतं ते एवढंच ज्ञान की आपण फसू शकतो. जाहिरात, प्रचार आणि फॉरवर्ड होणारे मेसेज यांतलं खोटं नेमकं याच्या उलट असतं, त्याचा निकाल कधीच लागत नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या खेळात अविश्वसनीय वाटणारी माणसं खरी ठरतात. विचित्र आयुष्य जगणाऱ्यावर, अडखळत बोलणाऱ्यावर, वेडीवाकडी गोष्ट सांगणाऱ्यावर आपण सहसा आधी संशय घेतो, आणि नीटनेटकं बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतो. हा कार्यक्रम प्रेक्षकाला वर्षानुवर्षं उलट सवय लावतो. अन्यायाची तक्रार घेऊन आलेल्या बाईची हकिगत सुसंगत नाही म्हणून तिला परत पाठवणाऱ्या समाजाला या सवयीची गरज आहे.

मराठीत असा खेळ सहज रुजेल. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी येते, आणि तिथे सोंगाड्याचं सगळं कसब जागच्या जागी रचलेल्या थापांचं आणि त्यावर समोरच्याने घेतलेल्या हरकतींचं असतं. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीत नाना चेंगट आणि बाबू पैलवान यांच्यासारखी मंडळी एकमेकांना जे ऐकवतात, त्यात खरं किती आणि रंगवलेलं किती याची उलटतपासणी पारावरच चालते. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं आणि हजारो श्रोत्यांना ऐकताना शंका घेण्याचा आनंद दिला. आपल्या वाहिन्यांवरचा विनोद मात्र जवळपास सगळा लिहिलेल्या प्रहसनांचा आहे. ‘चला हवा येऊ द्या’ने आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने उत्तम नट घराघरांत पोचवले, त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण तिथे नट पाठ केलेलं बोलतो आणि परीक्षक हसतात. समोरच्याला प्रश्न विचारून त्याची गोष्ट तपासणं त्या साच्यात बसत नाही.

म्हणून मागणी अशी आहे. कुठल्याही मराठी वाहिनीने हा खेळ करावा, आणि तो फक्त सिनेनटांपुरता ठेवू नये. इच्छापोरच्या पार्कमध्ये हिऱ्यांना पैलू पाडणारा रत्नकलाकार, हजिऱ्याच्या कारखान्यात पाळी करणारा अमळनेरचा फिटर, पांडेसऱ्यातल्या मिलमधली कामगार बाई, कोल्हापूरचा पैलवान, गडचिरोलीची आशा ताई, यांना त्या कार्डासमोर बसवा. अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत गोष्टी येऊ द्या. प्रश्न विचारायला दोन वकील आणि दोन विनोदकार ठेवा. एक अटही घाला. निकाल सांगताना पाहुण्याने पुरावा दाखवायचा: फोटो, पावती, सातबारा, सोबतचा साक्षीदार, जे असेल ते. इंग्रजी कार्यक्रमात पाहुण्याच्या शब्दावर निकाल लागतो, आपण एक पाऊल पुढे जाऊ. आणि प्रत्येक भागात किती परीक्षकांनी चेहरा पाहून अंदाज केला, किती जणांनी तपशील विचारून केला, आणि त्यातले किती चुकले, हे पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवा. वर्षभराने तो तक्ता पोलीस प्रशिक्षण शाळेत लावता येईल.